लेकरं, लडाख आणि पाच रात्री

प्रश्न : आम्ही समुद्राकाठच्या शहरात राहतो. मुलगी सहा वर्षांची, मुलगा वीस महिन्यांचा. नवऱ्याच्या कॉलेजच्या मित्रांचा ग्रुप मेच्या शेवटी लडाखला चाललाय. चार कुटुंबं, एक टेम्पो ट्रॅव्हलर. विमानाने लेह, दुसऱ्या दिवशी खारदुंगला खिंड ओलांडून नुब्रा खोरं, तिसऱ्या दिवशी श्योक नदीच्या रस्त्याने थेट पँगाँग तलाव, चौथ्या दिवशी चांगला खिंडीवरून लेह, मग एक दिवस बाजारहाट आणि परत. नवरा म्हणतो, "तिथली मुलं तिथेच जन्मतात, वाढतात. आपलीच काय मेणाची आहेत?" सासूबाई म्हणतात, पाच वर्षांखालच्या पोराला तिकडे नेणं हा शुद्ध वेडेपणा. व्हिडिओत आठ महिन्यांचं बाळ पँगाँगच्या काठावर हसताना दिसतं. बालरोगतज्ज्ञांना विचारलं, तर "शक्यतो टाळा" म्हणाले आणि तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला. मुलगा जन्मानंतर चार दिवस ऑक्सिजनवर होता, पण आता ठणठणीत आहे. लग्नाआधी मी एकटी ट्रेकला जायचे. आता या सहलीच्या विचाराने रात्री जाग येते. मी भित्री झालेय का? आठ दिवसांत पैसे भरायचे आहेत.

उत्तर : पत्र वाचून झाल्यावर मी आधी एक कागद घेतला. तुमच्या पाच रात्री एकाखाली एक लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे झोपायच्या जागेची उंची टाकली. लेह, ३,५०० मीटर. नुब्रातलं हुंडर, ३,१०० च्या आसपास. पँगाँग, ४,२५० च्या आसपास. मग पुन्हा लेह, पुन्हा लेह. मधल्या दोन खिंडी कंसात लिहिल्या : खारदुंगला ५,३५९, चांगला साधारण तेवढीच. (लडाखी भाषेत 'ला' म्हणजेच खिंड. आपण 'खारदुंगला जाऊन आलो' म्हणतो तेव्हा नावातला 'ला' कुठे संपतो आणि आपली विभक्ती कुठे सुरू होते, ते देवच जाणे.)

तुमच्या घरातल्या वादात हा कागद कुणी मध्ये ठेवलेला दिसत नाही. नवरा 'लडाख' म्हणतोय, सासूबाई 'लडाख' म्हणताहेत, डॉक्टरांनीही घाईघाईत 'लडाख'च टाळायला सांगितलं. पण लडाखची काही एकच उंची नाही. कारगिल २,६८० मीटरवर आहे आणि त्सो मोरिरी तलाव ४,५०० च्या वर. दोन्ही लडाखच. एकीकडे मूल रात्रभर गाढ झोपेल, दुसरीकडे मोठी माणसंही उशाशी पाण्याची बाटली घेऊन पहाटेची वाट बघतात. त्यामुळे 'लडाखला न्यावं का' याचं उत्तर मी देणार नाही, मला देता येणारही नाही. 'या पाच रात्रींना न्यावं का' याचं देते : नाही. का, ते सविस्तर सांगते, कारण असाच कागद हातात असलेली आणखी बरीच घरं असणार.

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असतं. उंचीवर हवाच विरळ होते, म्हणून प्रत्येक श्वासात तो कमी येतो. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांश, खारदुंगलावर निम्म्याच्या आसपास. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला रात्री लागतात. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढावी, असं या विषयातले डॉक्टर सांगतात. हे धडधाकट मोठ्या माणसांसाठी. तुमच्या कागदावर हुंडर ते पँगाँग ही एका दिवसातली हजार-अकराशे मीटरची उडी आहे. त्याआधी विमानाने तुम्हाला दीड-दोन तासांत ३,५०० वर नेऊन ठेवलेलं आहे, ते वेगळंच.

आता त्याच कागदावर वेळ बघा. उंचीचा साधा त्रास, म्हणजे डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं, पोचल्याबरोबर होत नाही. सहा-बारा तासांनी, बहुतेकदा पहिल्या रात्री सुरू होतो. म्हणून 'विमानतळावर उतरल्यावर पोरं मस्त हुंदडत होती' याला काही अर्थ नाही, तेव्हा सगळेच हुंदडतात. फुप्फुसात पाणी साठण्याचा गंभीर प्रकार साधारण दुसऱ्या ते चौथ्या रात्रीत डोकं वर काढतो. तुमची तिसरी रात्र पँगाँगच्या काठावर आहे, तंबूत, पारा शून्याच्या आसपास, आणि लेहचं मोठं सरकारी रुग्णालय दीडशे किलोमीटरांवर.

किलोमीटर तरी ठीक, खरी अडचण रस्त्याच्या आकाराची आहे. उंचीच्या त्रासावर एकच हमखास उपाय आहे : खाली उतरणं. बाकी सगळं, ऑक्सिजन धरून, तोपर्यंत वेळ काढायला. आणि पँगाँगवरून लेहला उतरायचं तर आधी चांगला खिंड चढावी लागते, म्हणजे आजारी मुलाला घेऊन आणखी अकराशे मीटर वर. नुब्रातूनही लेहला यायचं तर मध्ये खारदुंगला. नुब्रा स्वतः लेहपेक्षा खाली आहे आणि तिथे दिस्कितला रुग्णालय आहे, म्हणून तिथली रात्र मला तितकीशी खटकत नाही. पण पँगाँगची रात्र अशी आहे की उतरायला आधी चढावं लागतं, किंवा श्योकच्या काठाकाठाने नुब्राकडे काही तास परत जावं लागतं, रात्री, आणि तो रस्ता पाण्याने वाहून गेलेला नसेल तर.

एवढं लिहून झाल्यावर तुमच्या नवऱ्याच्या वाक्याकडे येते, कारण ते वाक्य तसं चुकीचं नाही. तिथली मुलं तिथेच जन्मतात. पण ती तिथे विमानाने येत नाहीत. आईच्या पोटातच ती त्या हवेत असतात, आणि त्यांच्या कैक पिढ्या तिथे गेल्या आहेत. लेहचं मूल मेणाचं नाही आणि तुमचंही नाही. फरक आहे तो दिलेल्या वेळेचा. हाच मुद्दा मी सासूबाईंनाही सांगेन. दोन हजार, अडीच हजार मीटरवर नेलेल्या लहान मुलांना सहसा काही होत नाही, आणि मुलांना उंचीचा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त होतो असंही आढळलेलं नाही, साधारण सारखाच होतो. पाच वर्षं पूर्ण झाली की एका रात्रीत फुप्फुसं बदलत नाहीत. तरीही त्यांच्या आकड्यात एक तथ्य आहे, त्यांना ते असं मांडता आलं नाही एवढंच : पाच वर्षांचं मूल "डोकं दुखतंय" म्हणू शकतं. वीस महिन्यांचं म्हणू शकत नाही.

व्हिडिओतल्या बाळाबद्दल फार लिहीत नाही. ते हसलं ते खरं असेल. ज्या बाळाला रात्री दोन वाजता खाली पळवावं लागलं, त्याचा व्हिडिओ कुणी काढत बसत नाही. शितावरून भाताची परीक्षा करायला आधी सगळी शितं एकाच भांड्यातली असावी लागतात.

तुमच्या पत्रात एक वाक्य अगदी ओझरतं आलंय आणि लगेच पुढे 'पण' आलाय : जन्मानंतर चार दिवस ऑक्सिजनवर. तो 'पण' जरा बाजूला ठेवा. जन्माच्या वेळी फुप्फुसांची तक्रार झालेल्या काही मुलांच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या कमी ऑक्सिजनला नंतरही जास्त जोरात आकसतात, आणि उंचीवर फुप्फुसात पाणी होण्याची सुरुवात नेमकी तिथूनच होते. तुमच्या मुलाचं तसं असेलच असं नाही. चार दिवस कशासाठी ठेवलं होतं, दिवस भरायच्या आधी जन्म झाला होता का, हृदयाची सोनोग्राफी तेव्हा झाली होती का, यावर ते ठरेल. हे सगळं डिस्चार्जच्या कागदात असतं. तो कागद शोधा आणि डॉक्टरांकडे पुन्हा जा, या वेळी वेळ घेऊन, आणि 'लडाखला नेऊ का' असं विचारू नका. "याला विमानाने थेट ३,५०० मीटरवर नेलं तर चालेल का? नंतर ४,२५० वर एक रात्र? जन्माच्या वेळचा हा कागद." असा नेमका प्रश्न समोर ठेवला की 'शक्यतो टाळा' म्हणून सुटका करून घेता येत नाही. हृदयाचा जन्मजात दोष, दमा, पंडुरोग, डाऊन सिंड्रोम यातलं काही ज्यांच्या घरी आहे, त्यांनीही हा प्रश्न तिकिटं काढायच्या आधी विचारायचा आहे, नंतर नाही.

आता न बोलणाऱ्या मुलाचं. डॉक्टरांनी लहान मुलांसाठी उंचीच्या त्रासाची एक मोजपट्टी केलेली आहे. मोठ्यांना विचारतात डोकं किती दुखतंय. लहानग्यांच्या बाबतीत बघतात ती कुरकुर, आणि तिच्या जोडीला खाणं, खेळणं, झोप. आई म्हणून तुम्हाला या चार गोष्टी रोजच्या ठाऊक आहेत. पंचाईत अशी की प्रवासात या चारही गोष्टी अशाही बिघडतात. दात येतायत म्हणून कुरकुर, डबा आवडला नाही म्हणून उपास, नवी खोली म्हणून जागरण. घाटातली उलटी आणि उंचीची उलटी दिसायला एकच (गाडी थांबून तासभर झाला तरी मूल तसंच मलूल असेल, तर मी घाटाला दोष देणार नाही). म्हणून एक नियम उलटा लावायचा असतो : उंचीवर मूल आजारी दिसलं तर ते उंचीमुळेच, असं धरून चालायचं, दुसरं कारण पक्कं सापडेपर्यंत. आणि वर चढणं तिथेच थांबवायचं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही, म्हणून थोडं विषयांतर करते. माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना आम्हीही लेहला गेलो होतो. विमानानेच. पहिला दिवस खोलीत काढला, शहाण्यासारखा. दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, पोट दुखतंय. मी ओवा चावायला दिला. संध्याकाळी खोलीत आले तर ती खिडकीशी उभी होती, काचेला कपाळ टेकवून. बाहेर बघत नव्हती, डोळे मिटलेले होते. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, "हे गार आहे." काच गार होती आणि तिला तिथे बरं वाटत होतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की दुखतंय ते डोकं. त्या वयात सगळंच पोटात दुखतं, कारण दुखण्याचा तेवढा एकच पत्ता त्यांना माहीत असतो. रात्री दोनदा उलटी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नुब्राची गाडी होती. नवरा खाली जाऊन गाडीवाल्याशी बोलून आला. तो गाडीवाला, चाळिशीचा लडाखी माणूस, जराही वैतागला नाही. म्हणाला, बच्चा है, दो दिन बैठो. आम्ही दोन नाही, तीन दिवस बसलो. डॉक्टर येऊन बघून गेले, औषधाची गरज पडली नाही. नुब्रा राहिलं, पँगाँग राहिलं. आज ती अकरावीत आहे आणि तिला त्या सहलीतलं एकच आठवतं : हॉटेलच्या पायरीवर उन्हात झोपणारा एक केसाळ कुत्रा. काच आठवत नाही. मला आठवते.

ही गोष्ट मी सांगितली ती गाडीसाठी. ती गाडी आमची एकट्यांची होती. नवऱ्याने खाली जाऊन 'आज नाही' म्हटलं आणि विषय संपला. तुमची गाडी चार कुटुंबांची आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी हुंडरला तुमचा मुलगा दूध प्यायला नाही, नुसता खांद्यावर पडून राहिला, तर काय होईल? खाली बारा-चौदा माणसं सामान चढवून उभी असतील. कुणीतरी म्हणेल, होतं असं, पँगाँग बघून खूश होईल. कुणी पर्समधून गोळी काढेल. तुमचा नवरा तुमच्याकडे बघेल, तुम्ही नवऱ्याकडे. त्या क्षणी 'आम्ही येत नाही' म्हणायला जो दम लागतो, तो तुमच्यात नाही असं मला म्हणायचं नाही. पण तो लागायलाच नको अशी सहल लहान मुलांबरोबर करावी. वाईट माणसांमुळे मुलं अडचणीत येतात असं फारसं होत नाही. चांगल्या माणसांच्या भिडेमुळे होतं.

म्हणून तुमच्या नवऱ्याशी बोलताना धाडस आणि भीती हा विषयच काढू नका, त्यात दोघंही हराल. एवढंच ठरवा : आपल्यापैकी कुणीही एकाने 'परत फिरू' म्हटलं तर त्या क्षणी परत फिरायचं, कारण मागायचं नाही, नंतर टोमणा मारायचा नाही. हे त्यांना मान्य आहे का? आणि तसं करता येईल अशी सहल आहे का? पहिल्याचं उत्तर बहुतेक 'हो' येईल. दुसऱ्याचं, या ग्रुपबरोबर, 'नाही' येतं, आणि ते गणित त्यांनी स्वतः मांडलेलं बरं. माझा कागद त्यांच्यापुढे ठेवा. मित्रांना नाही म्हणायला तो एक बरा आधारही होईल. 'बायको घाबरते' असं सांगण्यापेक्षा 'हजार मीटरची उडी आहे' हे सांगणं पुरुषांना सोपं जातं, असा माझा अनुभव.

मग जायचंच नाही का? मी असं मुळीच म्हणत नाही. माझ्या मते तुमच्यापुढचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे डॉक्टरांनी मुलाला हिरवा कंदील दाखवला तर चौघांनीच जाणं, आणि कमी बघणं. दहा-अकरा दिवस मिळत असतील तर विमानाने श्रीनगरला उतरा. ते १,६०० मीटरच्या आसपास आहे. तिथे दोन रात्री, मग झोजिला ओलांडून कारगिल, तिथेही दोन. पुढे फोतुला ४,१०८ मीटर आहे, पण खिंडीतून गाडीने पार होणं आणि त्या उंचीवर झोपणं यात जमीन-अस्मानाचा फरक. वाटेत अल्चीला एक रात्र काढलीत, सिंधूच्या काठी, ३,१०० मीटरवर, तर लेहला पोचेपर्यंत शरीर अर्धं काम करून बसलेलं असेल. श्रीनगर ते लेह सव्वाचारशे किलोमीटर आहे, लोक ते दोन दिवसांत मारतात. तुम्ही पाच लावा. मनालीकडून मात्र छोट्यांना नेऊ नये असं मला वाटतं. २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून रोहतांगचा त्रास संपला खरा, पण पुढे मुक्काम सरचूला पडतो, तो ४,२०० च्या वर, आणि मागे-पुढे दोन्हीकडे उंच खिंडी. मेच्या शेवटी तो रस्ता नुकताच उघडलेला असतो, कधी तोही नसतो.

आणि सुट्टी आठवडाभराचीच असेल तर लेहला विमानाने जा, पण लेहमध्येच राहा. पहिले दोन दिवस अक्षरशः काही करू नका. मग शे, ठिकसे, हेमिस, दुसऱ्या बाजूला निम्मूजवळ सिंधू-झंस्करचा संगम, जिथे दोन रंगांचं पाणी बराच वेळ एकमेकांत मिसळायला तयार नसतं, अल्ची. सगळं एकाच खोऱ्यातलं, खिंड कुठेही ओलांडायची नाही, आणि अल्ची सोडलं तर लेहचं रुग्णालय तासा-दीड तासावर. मित्र विचारतील, पँगाँग नाही बघितलं? नाही बघितलं. मुलगी सहा वर्षांची आहे, तिला संगमात दगड टाकायला मिळाले की तिचं लडाख झालं. मुलाला तर हे काहीच आठवणार नाही. त्याच्यासाठी ही सहल म्हणजे आई-बाबा दिवसभर हाताशी आहेत. 'मुलांना अनुभव मिळावा' असं आपण सगळेच म्हणतो. थोडं तुम्हालाही जायचं असेल, तर ते एकदा तरी लिहायचं होतं. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

आणखी एक मार्ग, ज्याचा तुमच्या घरात कुणी उच्चार केलेला नाही : नवऱ्याने या ग्रुपबरोबर एकट्याने जावं. मित्र त्याचे आहेत, हौस त्याची आहे. पुढच्या वर्षी तुम्ही आठ दिवस तुमच्या जुन्या ट्रेकच्या मैत्रिणींबरोबर, आणि मुलं त्याच्याकडे. तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून घ्या, नाहीतर ते वर्ष येत नाही. मुलीला त्याच्याबरोबर पाठवायचा मोह होईल, ती सांगू शकते म्हणून. पण तिलाही पँगाँगची ती उडी तेवढीच, त्यामुळे या कार्यक्रमात नको. किंवा सगळ्यांनीच तीन वर्षं थांबा. लडाख कुठे जात नाही. तोपर्यंत डोंगर हवाच असेल तर झोपायची जागा २,५०० मीटरच्या खाली असलेलं कुठलंही ठिकाण घ्या, त्यात हिमालयही बक्कळ मिळतो.

भित्रेपणाचं विचारलंत. एकटीने ट्रेकला जाणारी मुलगी स्वतःच्या शरीराचं ऐकून वागत होती. थकली की थांबत होती, पाय मुरगळला तर परत फिरत होती. आता तुम्हाला अशा शरीराचं ऐकायचं आहे जे तुमचं नाही आणि जे बोलत नाही. मग रात्री जाग येणारच. तुम्ही जागेपणी कुठल्या दिवसाचा विचार करता, ते एकदा बघा. माझा अंदाज, विमानाचा नाही आणि लेहचाही नाही, त्या तिसऱ्या रात्रीचा. अंदाज बरोबर असेल तर ती भीती नेमक्या जागी बोट ठेवतेय.

जायचं ठरलंच तर थोडं सामानाचं आणि सावधगिरीचं. ग्रुपवर कुणीतरी 'डायमॉक्सची अर्धी गोळी मुलांना' असा सल्ला टाकलाच असेल. उंचीच्या त्रासावरचं ते औषध खरं आहे, पण मुलांना वजनावर आणि डॉक्टरांनी सांगितलं तरच. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना ते चालेलच असं नाही. ऑक्सिजनचे छोटे डबे काही मिनिटांचेच असतात, त्यांच्या भरवशावर कुठे वर चढू नका. ऑक्सिमीटर जवळ असू द्या, पण घरी ९८ दाखवणारा आकडा लेहमध्ये ९० च्या आसपास आला म्हणून लगेच हबकू नका, आणि चांगला आला म्हणून मलूल मुलाकडे दुर्लक्षही करू नका. गार पडलेल्या इवल्या बोटावर ते यंत्र काहीही दाखवतं. पाठीवरच्या झोळीत बसलेलं मूल हलत नाही, म्हणून तुम्हाला चालून घाम येत असतो तेव्हा त्याचे पाय गारठलेले असू शकतात; दर थोड्या वेळाने मोजे काढून हात लावून बघा. ऊन उंचीबरोबर तिखट होतं, दर हजार मीटरला दहा-बारा टक्क्यांनी अतिनील किरण वाढतात, तेव्हा दोघांनाही गॉगल आणि कडेची टोपी. हवा कोरडी, नाकातून रक्त येतं, त्याला फार घाबरायचं नाही. पोस्टपेड सिम एकाकडे तरी असू द्या, बाहेरचं प्रीपेड तिथे चालत नाही. टॅक्सीत मागच्या सीटला पट्टे आहेत का ते आधी विचारा. रस्त्यावरचा धोका उंचीच्या धोक्याहून कमी नाही, फक्त त्याची चर्चा होत नाही.

पैसे भरायच्या आधी आयोजक मित्राला एक प्रश्न विचारून घ्या : तिसऱ्या दिवशी आम्ही हुंडरलाच थांबलो, तर आमच्यासाठी वेगळी गाडी मिळेल का, आणि ते आत्ता लिहून मिळेल का? आणि तुमची-तुमची सहल ठरली तर तिकिटं बदलता येणारीच काढा, थोडे जास्त पैसे गेले तरी. मुलाला निघायच्या आधीच्या आठवड्यात सर्दी-खोकला झाला, तर उंचीवर फुप्फुसांवरचा धोका वाढतो, तेव्हा तारीख पुढे ढकलावी लागेल. परतीला एक दिवस हाताशी ठेवा. लेहची विमानं बहुतेक सकाळचीच असतात, दुपारी वारा सुटतो, आणि हवा बिघडली की त्या दिवशीचं विमान उडत नाही.